चिखलाची शर्यत आणि आमची टोळी : बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही आठ जण. पाच जण महाराजा सयाजीराव विद्यापीठात एका वर्गातले, बाकीचे कुणी लग्नामुळे तर कुणी शेजारामुळे जोडले गेलेले. गेली सहा वर्षं आम्ही चिखलातल्या अडथळ्यांच्या शर्यती एकत्र पळतो. गणपतीची आरती असो की कुणाचा साखरपुडा, प्रश्न तेच असतात आणि उभ्या उभ्या उत्तर अर्धंच दिलं जातं. म्हणून इथे नीट लिहून ठेवते आहे.

चिखलाची शर्यत म्हणजे नेमकं काय असतं?

पळायचा रस्ता आणि त्यात थोड्या थोड्या अंतरावर अडथळे. कमरेएवढ्या चिखलाचे खड्डे, काटेरी तारांखालून सरपटत जाणं, उंच लाकडी भिंती, दोरांची जाळी, लटकत ओलांडायच्या दांड्या, खांद्यावर वाळूचं पोतं. आपल्याकडे २०१२ पासून चालू असलेल्या डेव्हिल्स सर्किटचा आराखडा पाच किलोमीटर आणि पंधरा अडथळे असा आहे. पहिल्या खेपेला एवढं भरपूर झालं. काही शर्यतींत वेळ मोजून क्रमांक काढतात, काहींत फक्त पुरी करायची असते. नाव नोंदवण्याआधी हे नक्की बघा. टोळीने कसं पळायचं ते यावरच ठरतं.

हे आलं कुठून?

लष्करी सरावातून. सैनिकांना भिंती, खंदक, तारा ओलांडायला शिकवायचे, तेच पुढे हौशी लोकांसाठी खुलं झालं. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका शेतावर १९८७ मध्ये ‘टफ गाय’ सुरू झाली, तीही ऐन जानेवारीच्या थंडीत. अमेरिकेत २०१० या एकाच वर्षी ‘टफ मडर’ आणि ‘स्पार्टन रेस’ दोन्ही निघाल्या आणि मग जगभर पसरल्या. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतली घोडेस्वारी जाऊन तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत येते आहे.

पण ‘हे परदेशी खूळ’ असं बडोद्यातल्या माणसाने म्हणू नये. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, तिथे राजरत्न प्रा. माणिकरावांनी पिढ्या घडवल्या. हुतूतूचे नियम १९२३ साली छापले ते इथल्याच हिंद विजय जिमखान्याने. अंगाला माती लावून घेणं या गावाला कुणी नव्याने शिकवायला नको.

टोळीनेच का पळायचं? एकट्याने नाही का चालत?

चालतं. तयारीचे लोक एकटे पळतातही. पण आम्ही टोळीने पळतो त्यामागे आमची एक चूक आहे.

पहिल्या शर्यतीला आम्ही सहा जण होतो. भोंगा वाजला आणि ज्याला जसं जमेल तसा तो सुटला. तिसऱ्या खड्ड्यात माझ्या मैत्रिणीचा उजवा बूट चिखलात राहिला. तिने कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, दोन्ही बाजूंनी माणसं जात होती, बूट काही सापडला नाही. आम्ही तोवर भिंतीपाशी होतो. ती मागे नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्ही पोचलो, पदकं गळ्यात घातली, कमानीखाली फोटो काढला. ती आली चाळीस मिनिटांनी, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, तळव्याला खडे टोचून रक्त आलेलं. ती रागावली नाही. “फोटो काढलात का?” एवढंच विचारलं.

तो फोटो आम्ही कुणीच घरात लावलेला नाही. त्या रात्री एक्स्प्रेस वेवरून परत येताना गाडीत दोन नियम ठरले, ते आजवर मोडलेले नाहीत. पहिला, सगळ्यात हळू पळणारा सगळ्यात पुढे. टोळीचा वेग तो ठरवेल, त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. दुसरा, प्रत्येक अडथळ्यानंतर मोजणी. एक, दोन, तीन असं आठपर्यंत ज्याने त्याने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. आठ ऐकू आल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही.

चिखलात सगळे चेहरे सारखे होतात, अंगावरचे टीशर्ट एका रंगाचे होतात. डोळ्यांनी माणसं मोजता येत नाहीत, आवाजानेच मोजावी लागतात.

मग वेळ वाया जात नाही का?

जातो. वेळ हवा असेल तर वेळ मोजणाऱ्या गटात एकट्याने नाव द्या, त्यात काही कमीपणा नाही. पण मित्रांना सोबत घेऊन गेलात आणि घड्याळासाठी त्यांना मागे टाकलंत, तर ना वेळ साधते ना मैत्री टिकते.

टोळीत किती जण असावेत? तिघंच असलो तर?

चार ते आठ उत्तम. आठाच्या वर गेलं की भिंतीपाशी खोळंबा होतो आणि मागचे लोक वैतागतात. तिघं असाल तरी अडत नाही, चौथ्याची वाट बघत वर्ष घालवू नका. एक खाली, एक वर, एक मधे.

एकच विनंती, ‘कोण फिट आहे’ हे बघून टोळी जमवू नका. कोण थांबेल हे बघा. आमच्यातला सर्वांत जाडजूड गडी भिंतीखाली खांदा देऊन उभा राहतो तेव्हा आम्हा सातांना वर जाता येतं. तो पळण्यात शेवटचा आहे, पण तो नसेल त्या शर्यतीला आम्ही जात नाही.

मला सलग पाच किलोमीटर पळता येत नाही. जमेल का?

जमेल. सलग कुणीच पळत नाही, अडथळ्यांपाशी रांगा असतात. आठ-दहा आठवडे हाताशी असले पाहिजेत. आठवड्यातून तीनदा चाल-पळ करा, म्हणजे दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, आणि पळण्याचा वाटा हळूहळू वाढवा. जोडीला जोर, बैठका आणि लटकणं. लटकणं सगळे विसरतात. दाराच्या चौकटीला बसवायची दांडी घ्या आणि रोज जमेल तेवढे सेकंद नुसते लटकून राहा. पाय दमले तर चालता येतं, पण पकड सुटली की तिथेच संपतं.

बडोद्यात सराव कुठे करता?

पळण्यासाठी कमाटीबाग, पहाटे, गर्दी व्हायच्या आत. चढासाठी महिन्यातून एकदा पावागड. माचीपासून पायऱ्यांनी वर, रोपवे नाही. उतरताना मांड्या थरथरतात, त्याच थरथरत्या मांड्यांनी शर्यतीतला शेवटचा किलोमीटर काढायचा असतो, म्हणून ही सवय मोलाची. पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन चढलात तर आणखी चांगलं.

चिखलासाठी मात्र शेत लागतं. आमच्यातल्या एकीच्या काकांचं डभोईच्या बाजूला शेत आहे. पेरणीआधी कोपऱ्यातला एक तुकडा ते आम्हाला देतात, बोअरचं पाणी सोडून आम्ही तिथे रेंदा करतो. ती काळी कपाशीची माती. तिच्यात स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते, जिच्या थरांत पाणी शिरलं की ती फुगते. कोरडी असताना भेगांत हात जाईल, ओली झाली की वीस पावलांत बुटाखाली चार बोटं जाड तळ चढतो. एकेक बूट किलोभर जड वाटायला लागतो, नक्षी भरून जाते आणि सपाट तळ घसरू लागतो. पहिल्यांदा हे शर्यतीत अनुभवण्यापेक्षा काकांच्या शेतात अनुभवलेलं बरं. उलट सावली तालुक्याकडची गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित, जमीन पाणी पिऊन टाकते, तिथे चिखलाचा सराव होत नाही. काकांचा एक दंडक आहे आणि तो रास्त आहे: पीक उभं असताना शेतात पाऊल नाही.

विश्वामित्रीच्या काठावर किंवा एखाद्या तलावात सराव केला तर?

नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, शेकड्यांनी आहेत, आणि आसपासच्या गावतळ्यांतही असतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांत आलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. गढूळ पाण्यात दोन हातांवरची मगर दिसत नाही. त्यातून नदीत सांडपाणी येतं ते वेगळंच. ‘काठाकाठाने’ सुद्धा नको.

चिखलात पाय रुतून बसला तर काय करायचं?

आधी थांबा. घाबरून सरळ वर ओढलात तर तळाखाली पोकळी तयार होते आणि चिखल पाय आणखी घट्ट धरतो. बूट जातो तो असाच. पंजा वर, नडगीकडे ओढून धरा, म्हणजे बूट पायाला अडकून राहील. मग घोटा डावीकडे-उजवीकडे हलवत टाच सैल करा. टाचेमागे हवा शिरल्याचा ‘पचक’ असा आवाज येतो, तो आला की गुडघा वर घ्या. घाई नको.

मांडीपर्यंत खोल असेल तर उभं राहून झगडू नका. पुढे झुका, गुडघे आणि हात टेकून रांगा. वजन पसरलं की माणूस कमी रुततो. खड्ड्याच्या मधोमध सगळे जाऊन जाऊन पातळ काला झालेला असतो आणि खाली काय आहे ते कळत नाही. आम्ही कडेने जातो, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर. आणि चिखलाच्या खड्ड्यात उडी, सूर, काहीही मारायचं नाही. वरून साय धरल्यासारखा मऊ दिसतो, खाली दगड असू शकतो.

भिंत कशी चढायची?

भिंत साधारण आठ फुटांची धरा. माझ्या मते टोळीचा कस लागतो तो इथेच, म्हणून सावकाश सांगते.

भरवशाचा गडी भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखा उभा राहतो. चढणाऱ्याने पाय त्याच्या मांडीवर ठेवायचा, आणि तोही गुडघ्याजवळ नाही, जांघेजवळ. गुडघ्याजवळ ठेवलात तर त्याचा गुडघा दुखावतो. दुसरा पाय खांद्यावर, मानेला लागून नाही. मग हात भिंतीच्या काठावर. काठ ओला आणि चिखलाने माखलेला असतो, म्हणून बोटांनी धरायला जाऊ नका, पूर्ण कोपर पलीकडे टाका. वर गेलेला माणूस घोड्यावर बसल्यासारखा भिंतीवर बसतो, पोट टेकून खाली वाकतो आणि पुढच्याला हात देतो. हात म्हणजे तळवा नव्हे. मनगटाने मनगट धरायचं. चिखलाचे तळवे साबणासारखे सटकतात.

पहिला कोण चढणार? दोन नंबरचा दणकट माणूस, कारण त्याला वरून ओढायचं आहे. शेवटी कोण राहणार? जो हलका आहे आणि उडी चांगली मारतो तो. खांदा देणारा गडी शेवटून दुसरा चढतो. शेवटचा चार पावलं मागे जाऊन धावत येतो, एक पाय भिंतीवर मारतो, आणि वरच्या दोघांनी त्याची दोन मनगटं झेलायची. हे शेतात पंचवीसदा करून बघा. आमच्यात शेवटची राहते ती माझी बूट हरवलेली मैत्रीण. ती उडी मारते तेव्हा वर दोघं आहेत की नाहीत हे ती बघतही नाही.

पलीकडे उतरताना वरून उडी टाकू नका. काठाला पूर्ण लटका, खाली कुणी नाही ना विचारा, मग गुडघे मऊ ठेवून सोडा. आम्ही पाहिलेले मुरगळलेले घोटे बहुतेक इथलेच.

लटकत्या दांड्या जमत नाहीत. शिक्षा होते का?

काही शर्यतींत बदली व्यायाम देतात, काहींत बाजूने जाऊ देतात. बाजूने गेलात तर कुणी तुम्हाला कमी लेखत नाही, आणि लेखलंच तर तो माणूस टोळीत नको.

अंगावर काय घालायचं?

सुती नको. सुती कपडा पाणी पिऊन लोंबतो आणि मांड्या सोलवटतो. अंगाबरोबर बसणारे, लवकर सुकणारे लांब बाह्यांचे कपडे घाला, कोपर आणि गुडघे वाचतात. बूट जुने पण तळाची नक्षी खोल असलेले. लेस दुहेरी गाठीने बांधा आणि उरलेली टोकं आत खुपसा. कॉन्टॅक्ट लेन्स लावू नका. चष्मा असेल तर मागे दोरी बांधा. केसांची घट्ट वेणी.

अंगठी काढा. हे मी आग्रहाने सांगते. भिंतीच्या काठाला किंवा खिळ्याला अंगठी अडकली आणि वजन खाली आलं, तर बोटाची त्वचा सोलून निघते, कधी बोटही जातं. मंगळसूत्र, गळ्यातला गंडा, कडं, कानातलं सगळं घरी. माझ्या सासूबाईंना मंगळसूत्र काढणं पटत नव्हतं. मी त्यांना भिंत कशी चढतो ते अंगणात करून दाखवलं. आता शर्यतीला निघताना त्या स्वतःच हात पुढे करतात आणि ते देवघरात ठेवतात.

पाळी आली तर?

पळायला हरकत नाही, त्रास होत नसेल तर. पॅड पाण्यात भिजून जड होतो आणि घासतो, त्याचा उपयोग नाही. कपची सवय असेल तर तो सोयीचा. पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा वापरून बघू नका. आणि त्या दिवशी नकोच वाटलं तर टोळीला तसं स्पष्ट सांगा. आमच्यात हे मोकळेपणाने बोललं जातं, पुरुषांसमोरही.

आदल्या दिवशी आणि सकाळी काय खायचं?

आदल्या रात्री साधं वरण-भात-भाजी. सेव-उसळ शर्यतीनंतर. सकाळी दोन-अडीच तास आधी उपमा किंवा पोहे, निघताना एक केळं. पाणी आदल्या दिवसापासून थोडं थोडं पीत राहा.

पोटऱ्यांत वांब येतात ते बहुधा दमणूक आणि घामामुळे. आम्ही सोबत क्षारपाणी ठेवतो: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. शर्यत संपल्यावर लिलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा. खारट, गोड, आंबट एकदम लागतं, आणि बडोद्याचा माणूस कुठेही गेला तरी पिशवीत तो असतोच.

चिखलामुळे आजार होतात का?

होऊ शकतात, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीही भित्रा म्हणणार नाही.

आखाड्यातली माती निवडलेली, चाळलेली असते, तिच्यात तेल, हळद, ताक घालून ती राखलेली असते. शर्यतीचा चिखल तसा नसतो. जनावरं चरतात त्या जमिनीवर टँकरचं पाणी सोडलेलं असतं. अमेरिकेत नेवाडा राज्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये गुरांच्या कुरणातल्या अशाच शर्यतीनंतर २२ जणांना कॅम्पिलोबॅक्टर जंतूंमुळे जुलाब झाले. चिखलाचं पाणी नकळत गिळलं गेलं, हे कारण निघालं. त्याहून मोठी घटना २००० सालची, मलेशियातल्या साबा प्रांतातली ‘इको-चॅलेंज’ शर्यत. ३०४ स्पर्धक होते. ज्यांच्याशी नंतर संपर्क झाला त्या १८९ जणांपैकी ८० जणांत लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं निघाली. नदीचं पाणी गिळलेल्यांना धोका जास्त होता.

लेप्टो आपल्याला परका नाही, दक्षिण गुजरातच्या भातखाचरांत तो दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून जंतू पाण्यात येतो, जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात जातो.

म्हणून आम्ही काय करतो ते सांगते. ताजी जखम असेल तर त्या खेपेला शर्यत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच तपासून घेतो. घाण जखम झाली आणि शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर पुन्हा घ्यावा लागतो. चिखलात तोंड मिटलेलं, आरडाओरडा बाहेर आल्यावर. पाणी पिण्याआधी ओठ आणि बाटलीचं तोंड स्वच्छ पाण्याने धुवायचं. संपल्यावर लगेच साबणाने आंघोळ, आणि खरचटलं असेल तिथे वाहतं पाणी आणि जंतुनाशक.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. लेप्टोची लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, कधी महिन्यापर्यंत. तोवर शर्यत आपण विसरलेलो असतो. ताप, डोकेदुखी, डोळे लाल, पोटऱ्या दुखणं, यातलं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी अमुक तारखेला चिखलात होते. आमच्यातल्या एकाला बाराव्या दिवशी ताप आला. पहिल्या दवाखान्यात ‘व्हायरल’ म्हणून गोळ्या दिल्या, चिखलाचं आम्हीही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, तेव्हा रक्त तपासलं आणि औषध सुरू झालं. आता आम्ही शर्यतीची तारीख महिनाभर फ्रिजवर चिकटवून ठेवतो. आधीच प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा, दुकानातून परस्पर नको.

शिवाय दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या कोऱ्या डिकॉक्शनसारखी गडद झाली तर थेट इस्पितळ. अतिश्रमाने स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आल्याचं ते लक्षण असतं.

कुणी जाऊ नये?

हृदयाचा त्रास, अपस्मार, गर्भारपण, नुकतंच ऑपरेशन, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल तर नाही. काही शर्यतींत विजेचा झटका देणाऱ्या तारा असतात, पेसमेकर असलेल्यांनी तिथे फिरकूही नये. पोहता येत नसेल तर पाण्याचा अडथळा बिनदिक्कत सोडा.

आयोजक चांगला आहे हे कसं ओळखायचं?

नाव भरण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा. रुग्णवाहिका किती आणि कुठे उभ्या असतात? पिण्याचं पाणी किती ठिकाणी? पाण्याच्या प्रत्येक अडथळ्यावर जीवरक्षक आहे का? चिखलासाठी पाणी कुठून आणता? उत्तर द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडे जाऊ नका. एका शर्यतीत सकाळी अकराच्या तुकडीपर्यंत पिण्याचं पाणी संपलं होतं. एप्रिलचं ऊन, माणसं अंग धुवायच्या नळाला तोंड लावत होती. आम्ही लेखी तक्रार केली, उत्तर आलं नाही. तेव्हापासून आम्ही एप्रिल-मे मधल्या शर्यती घेत नाही आणि टोळीतल्या दोघांच्या पाठीवर पाणी असतंच. हमीपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचा, आणि ज्याची सही तोच वाचेल, एकाने सगळ्यांच्या सह्या ठोकायच्या नाहीत.

घरचे नको म्हणतात. काय करू?

त्यांना एकदा सरावाला घेऊन या. माझे वडील शेताच्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते. मोजणी ऐकली, आठवा आकडा येईपर्यंत सगळे थांबतात हे पाहिलं, आणि घरी जाताना म्हणाले, “जा. पण याच लोकांबरोबर जा.”

फोटो कधी काढायचा?

सगळे आल्यावर.

परतताना गाडीची आणि बुटांची काय व्यवस्था?

सीटवर ताडपत्री, वर जुनं बारदान. चिखलाचे कपडे वेगळ्या पोत्यात, तोंड बांधून. घरी गेल्यावर ते मोरीत किंवा मशिनमध्ये टाकू नका, काळ्या मातीने नळी तुंबते. आधी बादलीत भिजवा आणि ते पाणी झाडांना घाला. बूट ओले असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, वाळलेली काळी माती मग ब्रशनेही निघत नाही. आतला तळ काढा, लेस काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत ठेवा. उन्हात ठेवलेत तर तळाचा गोंद सुटतो. कागद संध्याकाळी एकदा बदला, दुसऱ्या सकाळी पुन्हा. पावसाळी हवेत चार दिवस लागतात.